‘साठी बुद्धी नाठी’ की आजार? : स्मृतिभ्रंशाचे निदान कसे केले जाते

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या समाजात पूर्णपणे रुळलेली आहे. घरातील वृद्ध व्यक्ती तेच तेच प्रश्न विचारू लागली, पैसे कोठे ठेवले हे विसरून घरच्यांवरच संशय घेऊ लागली किंवा रोजच्या वाटेवर भांबावली, तरी ‘वय झाले, आता असेच चालायचे’ असे म्हणून विषय तेथेच सोडून दिला जातो. काही घरांत ‘म्हातारचळ लागला’ अशी थट्टा होते, तर काही घरांत बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठला जातो. या तिन्ही प्रकारांचा परिणाम एकच होतो, तो म्हणजे रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोचत नाही आणि पोचला तरी फार उशिरा पोचतो.

हा प्रश्न लहान नाही. भारतातील ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असाव्यात, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात वर्तविण्यात आला आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक असल्याचेही त्यात आढळले. म्हणजेच जेथे तज्ज्ञ डॉक्टर कमी, तेथे रुग्ण अधिक अशी स्थिती आहे.

स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे असलेल्या काही व्यक्तींमध्ये मूळ कारण पूर्णतः किंवा अंशतः बरे होण्याजोगे असते. ते वेळेवर ओळखले न गेल्यास बरा होऊ शकणारा माणूस कायमचा परावलंबी होतो. म्हणूनच डॉक्टर हे निदान कसे करतात आणि त्यात घरच्यांचा व गावाचा वाटा कोणता, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

विसरणे आणि स्मृतिभ्रंश

वाढत्या वयाबरोबर स्मरणाचा वेग मंदावतो, हे खरे. ओळखीच्या माणसाचे नाव चटकन न आठवणे, चष्मा कोठे ठेवला ते शोधत बसणे, एखादी गोष्ट थोड्या वेळाने आठवणे या बाबी वार्धक्यात स्वाभाविक आहेत. स्मृतिभ्रंशात घडते ते याहून वेगळे असते. सकाळी झालेले बोलणे दुपारी पूर्णपणे पुसले जाते व आठवण करून दिली तरी आठवत नाही. जेवण झाल्याचे विसरून पुन्हा ताट मागितले जाते. आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या स्त्रीला भाजीला फोडणी कोणत्या क्रमाने द्यायची हे उमगेनासे होते. आयुष्यभर बाजारहाट केलेल्या गृहस्थाला सुट्या पैशांचा हिशेब जमेनासा होतो.

वैद्यकीय दृष्ट्या स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नसून लक्षणांच्या समूहाचे नाव आहे. स्मरणशक्ती, भाषा, लक्ष देण्याची क्षमता, दिशा व स्थळ यांचे भान, निर्णयशक्ती आणि सामाजिक वर्तन यांपैकी काही क्षमता पूर्वीच्या तुलनेत ढासळणे, ही त्याची पहिली अट होय. या ऱ्हासामुळे व्यक्तीला दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करता न येणे, ही दुसरी अट. पहिली अट पूर्ण होत असेल, पण व्यवहार सुरळीत चालू असतील, तर डॉक्टर त्या अवस्थेस सौम्य बौद्धिक ऱ्हास म्हणतात. अशा काही व्यक्तींना पुढे स्मृतिभ्रंश होतो, काही तशाच राहतात, तर काही पुन्हा पूर्ववत होतात. त्यामुळे त्यांची ठरावीक काळाने फेरतपासणी आवश्यक असते.

वरील व्याख्येतील ‘पूर्वीच्या तुलनेत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डॉक्टर रुग्णाला आज प्रथमच पाहत असतात. ही व्यक्ती दोन वर्षांपूर्वी कशी होती, हे त्यांना कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ते फक्त घरचा माणूस सांगू शकतो.

घरच्या माणसाची साक्ष

म्हणूनच निदानाचा आरंभ सविस्तर विचारपूस करून होतो. त्रास केव्हा सुरू झाला, तो एकाएकी सुरू झाला की हळूहळू, पहिली चूक कोणती लक्षात आली, प्रकृती सतत ढासळत गेली की पायरीपायरीने, वागण्यात व झोपेत काही बदल झाला का, नसलेली माणसे दिसतात का, मद्यपानाची सवय आहे का, कधी डोक्याला मार लागला होता का, असे प्रश्न डॉक्टर विचारतात. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला आपल्यात काही उणे आहे याची जाणीव पुष्कळदा नसते. ‘मला काही झालेले नाही’ असे ती प्रामाणिकपणे सांगते. त्यामुळे तिच्या निवेदनाला घरच्यांच्या माहितीची जोड द्यावी लागते.

आपल्याकडे येथेच एक अडचण उद्‌भवते. रुग्णाला दवाखान्यात घेऊन येणारा आणि रुग्णासोबत राहणारा हे अनेकदा निराळे असतात. मुंबईला किंवा पुण्याला नोकरी करणारा मुलगा रजा काढून येतो व डॉक्टरांसमोर बसतो. दिवसभर सासूचे सर्व काही पाहणारी सून मात्र घरी राहते किंवा बाहेरच्या बाकावर बसते. वस्तुतः आंघोळीचे पाणी अंगावर घ्यायचे कसे हे सासूला केव्हापासून कळेनासे झाले, हे त्या सुनेलाच ठाऊक असते. तपासणीच्या वेळी तिची उपस्थिती मुलाच्या उपस्थितीइतकीच, किंबहुना अधिक मोलाची आहे. वडीलधाऱ्यांसमोर त्यांच्या उणिवा बोलून दाखविणे कोणालाही अवघड वाटते. हे जाणून डॉक्टर घरच्यांशी स्वतंत्रपणे बोलतात.

भारतीय ग्रामीण जीवनाला अनुरूप प्रश्न कोणते असावेत, याचा विचार १९९० नंतरच्या दशकात हरियाणातील बल्लभगड परिसरात झालेल्या संशोधनात करण्यात आला. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत धनादेश लिहिणे, मोटार चालविणे यांसारख्या कामांची चौकशी असते. खेड्यातील वृद्धेने ही कामे कधीच केलेली नसल्याने त्या प्रश्नांना अर्थ उरत नाही. त्याऐवजी कुटुंबीयांना साधे प्रश्न विचारण्यात आले. जेवल्याचे त्या विसरतात का? गावात वाट चुकतात का? सांगितलेला निरोप पोचवितात का? दिवाळीसारखे सण त्यांच्या ध्यानात राहतात का? लग्नकार्यासारख्या घरच्या महत्त्वाच्या बाबतीत मत देतात का? कपड्यांची बटणे नीट लावतात का? हे प्रश्न कोणत्याही गावात, कोणत्याही उपकरणाविना विचारता येतात.

प्रथम काय वगळावे लागते

स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्यापूर्वी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दोन अवस्था डॉक्टर कटाक्षाने तपासतात.

पहिली अवस्था म्हणजे तीव्र संभ्रम. काल-परवापर्यंत ठीक असलेली वृद्ध व्यक्ती एकाएकी बरळू लागते, माणसे ओळखत नाही, रात्री अस्वस्थ होते, तर मध्येच शुद्धीवर असल्यासारखी बोलते. लोक यालाच वात झाला असे म्हणतात. लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी वा क्षार कमी होणे, साखर एकदम घटणे, एखादे औषध न मानवणे ही त्याची नेहमीची कारणे होत. स्मृतिभ्रंश महिन्यांच्या व वर्षांच्या गतीने वाढतो. संभ्रम मात्र काही तासांत वा दिवसांत येतो. अशा वेळी थांबून न राहता रुग्णास तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

दुसरी अवस्था नैराश्याची. जोडीदाराच्या निधनानंतर किंवा मुले दूर गेल्यानंतर वृद्ध व्यक्ती गप्प होते, कशात लक्ष घालीत नाही व विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘आठवत नाही’ असे उत्तर देते. वरकरणी हा स्मृतिभ्रंशच वाटतो. मात्र नैराश्यावर उपचार केल्यास अशा व्यक्तीची स्मरणशक्ती बहुधा सुधारते. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून येथे अनुभवी डॉक्टरांचे मत महत्त्वाचे ठरते.

याखेरीज कान व डोळे तपासले जातात. ज्याला प्रश्नच ऐकू येत नाही, त्याचे उत्तर चुकणारच. मोतीबिंदू किंवा बहिरेपणा यांमुळे बुद्धी मंद झाल्याचा भास झालेल्या व्यक्ती प्रत्येक गावात आढळतील.

शरीराची व रक्ताची तपासणी

यानंतर डॉक्टर रक्तदाब, नाडी, चालण्याची ढब, हातापायांतील शक्ती, कंप व स्नायूंचा ताठरपणा पाहतात. पाय जमिनीला चिकटल्यागत चालणे, लघवीवरील ताबा जाणे व विस्मरण ही तीन लक्षणे एकत्र दिसल्यास मेंदूतील पोकळ्यांमध्ये पाणी साठल्याची शंका घेतली जाते. शस्त्रक्रियेद्वारे हे पाणी वळवून दिल्यास काही रुग्णांत चांगली सुधारणा होते.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, साखर, क्षारांचे प्रमाण, मूत्रपिंड व यकृत यांचे कार्य, थायरॉइड ग्रंथीचे स्राव आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचा समावेश असतो. ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळत असल्याने शाकाहारी व्यक्तींत त्याची उणीव आपल्याकडे पुष्कळ आढळते. थायरॉइडचे कार्य मंदावल्यास विचारही मंदावतात. या दोन्ही दोषांवर स्वस्त व सुलभ उपचार आहेत. गरज भासल्यास उपदंश व एच.आय.व्ही. यांचीही चाचणी केली जाते.

औषधांची चौकशी हा तपासणीचा एक महत्त्वाचा, पण दुर्लक्षित भाग आहे. झोपेच्या गोळ्या, सर्दी व खाजेवरील काही गोळ्या आणि अन्य काही औषधे वृद्धांच्या बुद्धीवर मळभ आणतात. रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, मग ती दुकानातून परस्पर आणलेली असोत की वैदूने दिलेली असोत, एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. कित्येकदा एक गोळी बंद करण्यानेच मोठा फरक पडतो.

प्रश्नांची चाचणी आणि शिक्षणाचा अडसर

स्मरणशक्तीची प्रत्यक्ष परीक्षा प्रश्नांद्वारे होते. ही पद्धत जुनी आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे १९०१ साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्याकडे ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली होती. ते तिला वस्तू दाखवून त्यांची नावे विचारीत व तिची उत्तरे टिपून ठेवीत. जेवताना ताटात फुलकोबी व मांस असूनही तिने आपण पालक खात असल्याचे सांगितले, अशी त्यांची नोंद आहे. १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून त्यांनी त्यातील विकृती दाखवून दिली. पुढे हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. स्मृतिभ्रंशाच्या कारणांत आज त्याचे स्थान पहिले आहे.

१९७५ साली अमेरिकेत डॉ. फोल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० गुणांची एक संक्षिप्त चाचणी तयार केली. आज कोणता वार, आपण कोठे आहोत, सांगितलेले तीन शब्द थोड्या वेळाने आठवतात का, १०० मधून ७ वजा करीत जाणे, एक वाक्य लिहिणे, कागदावरील सूचना वाचून तसे करणे, आकृती काढणे असे तिचे स्वरूप आहे. ही चाचणी जगभर पसरली, पण तीत वाचन, लेखन व गणित गृहीत धरलेले आहे. शाळेची पायरी न चढलेली आजी या प्रश्नांत नापास झाली, तर तो दोष तिच्या मेंदूचा मानायचा की तिला न मिळालेल्या शिक्षणाचा?

या प्रश्नाचे एक उत्तर भारतातूनच मिळाले. बल्लभगड येथील संशोधकांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी या चाचणीची हिंदी आवृत्ती तयार केली व ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. लेखी कामांच्या जागी तोंडी व कृतीची कामे देणे आणि परिचित जीवनातील प्रश्न विचारणे, हे तिचे सूत्र आहे. त्यानंतर १९९८ साली कोचीन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ हा संशोधकांचा गट स्थापन झाला. स्मृतिभ्रंशाचे दोनतृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत असूनही लोकसंख्येवर आधारित संशोधनापैकी जेमतेम १० टक्के संशोधन तेथे होते, ही विषमता त्या नावातून सूचित होते. रुग्णाची चाचणी व कुटुंबीयाची मुलाखत यांची सांगड घातल्यास अल्पशिक्षितांचेही निदान विश्वासार्ह ठरते, असे या गटाच्या कार्यातून सिद्ध झाले.

आज आपल्याकडे अनुभवी डॉक्टर अशाच पद्धतीने प्रश्न विचारतात. आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगा. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी घ्या. मी आगकाड्या मांडल्या तशाच तुम्हीही मांडा. विसाची नोट दिली आणि बारा रुपयांची भाजी घेतली, तर परत किती येतील? शिक्षित व्यक्तींना घड्याळाची तबकडी काढून ठरावीक वेळ दाखविण्यास सांगतात. प्रश्न रुग्णाच्या मातृभाषेत, शक्यतो त्याच्या बोलीत विचारणे आवश्यक आहे.

गुणांचा अर्थ लावताना तारतम्य लागते. निवृत्त मुख्याध्यापकाला ३० पैकी २८ गुण मिळाले तरी त्याला आजार नाहीच असे म्हणता येत नाही, आणि निरक्षर शेतमजुराला १८ गुण मिळाले म्हणून तो आजारीच असेल असेही नाही. चाचणीतील गुण केवळ संशय वाढवितात किंवा कमी करतात. निदान पक्के होते ते गुण, घरच्यांची माहिती व शारीरिक तपासणी यांचा मेळ बसल्यावर.

मेंदूचे छायाचित्र

सीटी स्कॅन किंवा एम.आर.आय. ही तपासणी साधारणतः एकदा करून घेण्याचा सल्ला दिला जातो. तिचा पहिला उद्देश इतर कारणे शोधणे हा आहे. वृद्ध व्यक्ती पडल्यावर कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साकळू शकते व काही आठवड्यांनी विस्मरण, झापड, चालण्यात दोष अशी लक्षणे दिसू लागतात. तोवर पडल्याची आठवणही कोणाला राहिलेली नसते. वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास असा रुग्ण बरा होऊ शकतो. मेंदूतील गाठ, जुने झटके व साठलेले पाणीही या तपासणीत दिसते.

कोणता भाग आकसला आहे, यावरून स्मृतिभ्रंशाचा प्रकार ठरविण्यासही साहाय्य होते. अल्झायमरच्या आजारात नव्या आठवणी साठविण्याशी निगडित असलेला मेंदूचा आतील भाग बहुधा लवकर आकसतो. रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशात लहानमोठ्या झटक्यांच्या खुणा आढळतात. असा रुग्ण पुष्कळदा पायरीपायरीने ढासळतो व त्याला रक्तदाब वा मधुमेह असतो. आणखी एका प्रकारात नसलेली माणसे किंवा प्राणी दिसणे, अवयवांचा ताठरपणा व दिवसागणिक बदलणारी शुद्ध ही लक्षणे ठळक असतात. मेंदूचा पुढील भाग बाधित झाल्यास स्मरणशक्ती शाबूत असतानाही वर्तन बिघडते, संकोच सुटतो किंवा भाषा हरपते. हा प्रकार साठीच्या आतही दिसतो आणि त्यास मानसिक आजार समजण्याची चूक सहज घडते. एकाच रुग्णात दोन प्रकार एकत्र असणे हेही नित्याचे आहे.

मात्र केवळ मेंदू आकसल्याचे चित्र पाहून निदान करता येत नाही. निरोगी वृद्धांचा मेंदूही काहीसा आकसलेला असतो.

नव्या चाचण्या

अल्झायमरच्या आजारात मेंदूमध्ये विशिष्ट प्रथिने साचतात. एके काळी ती मृत्यूनंतरच पाहता येत असत. २००४ साली जिवंत व्यक्तीच्या मेंदूतील हे साठे विशेष प्रकारच्या स्कॅनद्वारे दाखविण्यात आले. पाठीच्या मणक्यातील पाणी काढूनही ती प्रथिने मोजता येतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या कामासाठी एका रक्तचाचणीस प्रथमच मान्यता दिली. ही मान्यताही लक्षणे असलेल्या ५५ वर्षे व अधिक वयाच्या व्यक्तींपुरती, तज्ज्ञांकडील तपासणीस पूरक म्हणून आहे. स्मरणशक्ती उत्तम असलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही ही प्रथिने आढळतात. सबब लक्षणे नसताना भीतीपोटी किंवा जाहिरात पाहून अशा महागड्या चाचण्या करून घेणे उचित नाही.

निदानाचा उपयोग काय?

आजार बरा होत नसेल तर निदान कशासाठी, असे काहीजण विचारतात. बरी होणारी कारणे निदानाशिवाय सापडत नाहीत, हे त्याचे पहिले उत्तर. काही औषधांनी लक्षणे काही काळ सौम्य होतात, हे दुसरे. तिसरे उत्तर कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोठे आहे. सासू चोरीचा आळ घेते तो दुष्टपणाने नव्हे, तर ठेवलेली वस्तू कोठे ठेवली हे तिला आठवत नाही म्हणून, एवढे कळले तरी घरातील कितीतरी कटुता ओसरते. शिवाय रुग्णाची समज शाबूत आहे तोवर उपचार, पैसा व मालमत्ता यांविषयी त्याची इच्छा जाणून घेता येते.

निदान झाले म्हणजे माणसाचे अधिकार संपले, असा मात्र अर्थ होत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणतीही व्यक्ती विकल मनाची ठरत नाही. ते ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयास आहे. दस्तऐवज, वारसनोंदी व बँकेचे व्यवहार हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही तरतूद ध्यानात ठेवावी. तद्वतच, ज्या वृद्धास व्यवहार उमगत नाही, त्याचा अंगठा कोणी घाईने उमटवून घेत नाही ना, याकडेही लक्ष द्यावे.

गावपातळीवर काय करता येईल

निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. रुग्ण ओळखून त्याला डॉक्टरांपर्यंत पोचविण्याचे काम मात्र गावाचे आहे. हयातीचा दाखला देण्याचे वारंवार विसरणारा निवृत्तिवेतनधारक, रेशन दुकानातून घरची वाट चुकलेली आजी, एकच तक्रार दर आठवड्याला नव्याने घेऊन येणारे आजोबा ही मंडळी ग्रामसेवक, तलाठी व पंचायत सदस्य यांच्या नजरेस प्रथम पडतात. त्यांची हेटाळणी न करता घरच्यांशी बोलावे व तपासणी सुचवावी. शिक्षकांना हा विषय विद्यार्थ्यांमार्फत घराघरात नेता येईल. आजी-आजोबांच्या विसराळूपणाला हसू नये, एवढे मुलांना पटले तरी पुष्कळ साधेल.

तपासणीचा प्रारंभ प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतो. रक्तदाब, साखर, औषधांची छाननी, कान व डोळे यांची तपासणी आणि घरच्यांची विचारपूस तेथे शक्य आहे. पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. मानसिक आरोग्यविषयक मार्गदर्शनासाठी ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची, तर ज्येष्ठ नागरिकांच्या साहाय्यासाठी १४५६७ क्रमांकाची दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी सोबत असाव्यात : रुग्णासोबत प्रत्यक्ष राहणारी व्यक्ती, सर्व औषधांची पिशवी, चष्मा व असल्यास श्रवणयंत्र, आणि कोणता बदल केव्हापासून दिसू लागला याचे टिपण. हे टिपण वहीच्या एका पानावर मावते. परंतु डॉक्टरांच्या दृष्टीने त्याचे मोल एखाद्या महागड्या तपासणीहून कमी नाही, कारण ‘पूर्वी कसे होते’ या प्रश्नाचे उत्तर त्या पानावरच लिहिलेले असते.